पंधरावं पत्र

पीडीएफ म्हणजे काय, हे मी गेली तीस वर्षं डोळस माणसांना समजावून सांगते आहे. त्यांना वाटतं, ती वाचायची गोष्ट आहे. मी म्हणते, नाही, ती बघायची गोष्ट आहे. त्या फाइलच्या पोटात वाक्यं नसतात, सूचना असतात. डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर, वरून इतक्या अंतरावर, ह्या आकाराचं चिन्ह ठेव. 'क' कुठला, त्याचा काना कुठला, ओळ कुठं संपली, हे सगळं डोळा जुळवून घेतो. आणि पान स्कॅन केलेलं असेल तर सूचना एकच असते : हा फोटो इथे ठेव. माझ्या कॉम्प्युटरचा आवाज अशा पानापाशी येऊन म्हणतो, "चित्र." पुढचं पान. "चित्र." साडेतीनशे पानांचं पुस्तक असलं तर साडेतीनशे वेळा "चित्र."

माझं नाव हेमलता पावसे, वय चौपन्न. नवव्या वर्षी मेंदूज्वरात माझी दृष्टी गेली. कोल्हापुरात आमचं एक श्राव्य ग्रंथालय आहे, तिथं मी काम करते. तिथले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. लिनक्सवरचा प्रोग्रॅम अडला तर त्याचं पोट उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं आणि ती दुरुस्ती जगात कुणालाही घेता येते. माझं काम दुरुस्तीचं नाही, तक्रारीचं. पीडीएफ उघडणारे, जोडणारे, कापणारे, त्यांतली अक्षरं ओळखणारे जेवढे प्रोग्रॅम निघतात, ते बाहेर पडण्याआधी माझ्यासारखी चारपाच माणसं वापरून बघतात आणि काय चुकलं ते कळवतात. ब्राझीलमधले एक निवृत्त इंजिनिअर म्हणतात, "हेमाची तक्रार आली की मी आधी कॉफी करून घेतो, मग उघडतो."

'मागोवा' नावाचा प्रोग्रॅम आता सगळ्यांकडे आहे. तो बाहेर जाऊ द्यायचा की नाही, हे काही दिवस माझ्या एका अहवालावर अडून राहिलं होतं. त्या दिवसांची ही हकिकत.

मागोवा लिहिणारी आमची प्रोग्रॅमर शिरीन मुजावर हिनं एका सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर काहीतरी जड ठेवलं. मी हात फिरवला. खाली लोखंडी बैठक, वर बिजागरीनं जोडलेले दोन सडसडीत दांडे आणि टोकाला एक साधं पेन.

"लकवा झालेल्या रुग्णांच्या हाताला व्यायाम देणारं यंत्र आहे," शिरीन म्हणाली. "मी त्याला पीडीएफ वाचायला शिकवलंय. ताई, पेन हलकं धरा. ओढू नका. ते नेईल तसं जा."

मी पेन धरलं. क्षणभर काही झालं नाही. मग ते उजवीकडे सरकलं, वळलं, खाली उतरलं, थांबलं आणि पुन्हा निघालं. नऊ वर्षांची असल्यापासून मी एकही अक्षर हातानं काढलं नव्हतं. तरी माझ्या मनगटाला कळलं, हा 'म' आहे. मग 'मु'. मग 'मुली'. दोनतीन शब्द झाले की पेन कागदावरून उचललं जायचं, वर उजवीकडे जायचं, तिथं हेलकावा घ्यायचं आणि परत यायचं. परत आल्यावर पहिली रेघ जोरकस.

"हे मधेमधे कुठं जातं?"

"दौतीकडे," शिरीन हळूच म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वीच्या एका शिक्षिकेचं टाचण आहे हे. ती टाक बुडवतेय."

शंभर वर्षांपूर्वीची एक बाई माझ्या बोटांत बसून दौतीत टाक बुडवत होती. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण तिला घाई होती, आणि जोडाक्षरं आली की ती सावकाश व्हायची, हे मला कळत होतं.

शिरीननं मग मला सगळं उलगडून सांगितलं. शाई म्हणजे नुसता रंग नव्हे, ती हाताच्या हालचालीची खूण असते. हात रेंगाळला तिथं शाई दाट, पळाला तिथं पातळ. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं कुठली वर आणि कुठली खाली, हे बारकाईनं स्कॅन केलं तर दिसतं, म्हणजे आधी कुठली आणि नंतर कुठली हे ठरतं. चारी बाजूंनी उजेड टाकून स्कॅन केलं की कागदावर पडलेली पेनाची चरही सापडते, त्यावरून दाब कळतो. शिवाय माणसाचा हात वळणावर वेग कमी करतोच, आणि तो किती कमी करतो याचं गणित ठरलेलं आहे. लाखो माणसांनी पडद्यावर लिहिताना त्यांचं अक्षर आणि हालचाल, दोन्ही टिपून मागोव्याला दाखवलेलं. त्यामुळे नुसतं अक्षर दिसलं तरी तो मागे मागे जात ती हालचाल शोधून काढतो. मग त्याच पीडीएफमध्ये, फोटोच्या वर, एक न दिसणारा थर चढवतो. त्या थरात अक्षरं नसतात. हात असतो.

"पुढच्या महिन्यात सोडायचाय सगळ्यांसाठी," शिरीन म्हणाली. "तुमच्या अहवालासाठी थांबलोय. तुमच्याकडे काही जुनी पत्रं आहेत का? एकाच माणसाची, पुष्कळ?"

माझ्याकडे एक्केचाळीस होती.

माझे वडील रघुनाथ पावसे मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होते. आम्ही हर्णैचे. ते वर्षावर्षांनी घरी यायचे, मधे पत्रं यायची. मी सात वर्षांची असल्यापासून ती माझ्याच नावावर येत. सुरुवातीला मी स्वतः वाचत असे, डोळे गेल्यावर आई वाचून दाखवत असे. दृष्टी गेल्यानंतर आलेलं पहिलं पत्र मला आजही पाठ आहे. 'हेमा, आमच्या इंजिनरूममध्ये कधीकधी सगळे दिवे जातात. तेव्हा आम्ही ओरडत बसत नाही. हातांनी काम करतो. हातांना सगळं ठाऊक असतं, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.' मिरजेच्या दवाखान्यात त्या दिवशी मी महिन्याभरानं उठून बसले आणि पेज मागून घेतली, असं आई सांगायची.

पुढं बाबांनीच लिहिलं की कोल्हापूरच्या अंधशाळेत जा. न्यायला मात्र काशीकाका आले, बाबांचे धाकटे भाऊ. आईचा पदर मी सोडत नव्हते. काकांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला एसटीत बसवलं. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मी तेरा वर्षांची असताना बाबा समुद्रात बुडाल्याची बातमी काकांनीच आणली, तेव्हाही ते रडल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या हिशेबी जगात दोन भाऊ होते. एक लांब राहून माया करणारा, दुसरा जवळ राहून दगड. आई गेली त्या दिवशी मी म्हटलं, "आज बाबा असते तर..." आणि काका म्हणाले, "पुरे झालं तुझं बाबापुराण." मी त्याच संध्याकाळी निघून आले. त्याला बावीस वर्षं झाली होती.

शिरीननं पत्रं दोन दिवसांत स्कॅन केली. बुधवारी दुपारी मी पेन धरून बसले.

बाबांचा हात दणकट होता. शब्द झपाझप लिहायचा आणि संपला की वरून एक फटकारा मारून शिरोरेघ ओढायचा. दाब इतका की यंत्राचा दांडा थरथरत होता. चौथ्या पत्रात मला काहीतरी वेगळं जाणवलं. दर सातआठ सेकंदांनी हात किंचित डावीकडे ढकलला जात होता आणि पुन्हा सावरत होता. मी शिरीनला म्हटलं, यंत्रात खोट आहे.

तिनं तपासलं.

"ताई, खोट नाही. जहाज डोलतंय."

सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची कुठल्या तरी समुद्रावरची लाट त्या कागदात उतरली होती. कुणालाही दिसली नव्हती. ती माझ्या मनगटाखालून जात होती, पुन्हा येत होती, आणि तिच्यावर माझा बाप 'चि. हेमास अनेक आशीर्वाद' लिहीत होता.

चौदा पत्रं अशी झाली. मग पंधरावं लागलं, दिवे जाण्याचं.

पेन निघालं. आधी एक लांब, सरळ, शांत रेघ. पूर्ण शब्दाची शिरोरेघ. मग तिच्याखाली एकेक अक्षर. पुढच्या शब्दाला तेच. आधी रेघ, मग अक्षरं. कुठं धक्का नाही, डोलणं नाही. कागद जमिनीवर होता.

"थांबव," मी म्हटलं.

"काय झालं? हाताला दुखलं का?"

"हे बाबांनी लिहिलेलं नाही."

"असं कसं? मी समोर बघतेय ना. 'ह'ची शेपटी तीच, 'ळ'चे फुगे तेच..."

"दिसायला असेल."

तिनं मागोव्याकडून एक्केचाळीस पत्रांची तुलना करून घेतली. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "चौदा एका हाताची. सत्तावीस दुसऱ्या हाताची. दुसऱ्यानं पहिल्याचं अक्षर हुबेहूब उचललंय, पण फक्त आकार. हालचाल स्वतःचीच राहिलीय. कुणाची, ते कळायला मात्र..."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

काशीकाका पेंटर होते. हर्णै बंदरातल्या होड्यांवर नावं रंगवायचे. होडीच्या गोल अंगावर अक्षरं खालीवर होऊ नयेत म्हणून ते आधी पूर्ण शिरोरेघ मारून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. मी पाच वर्षांची असताना पालथ्या घातलेल्या एका होडीच्या तळावर त्यांनी मला लिहायला शिकवलं. माझ्या मुठीत खडू, माझ्या मुठीवर त्यांची मूठ. "आधी दोरी ताण," ते म्हणायचे, "मग कपडे वाळत घाल." शाळेतल्या बाईंनी पुढं माझी ती सवय मोडली. पण त्या मुठीचा भार, रेघेच्या शेवटी तिचं ते अलगद उचललं जाणं, हे माझ्या हाताला आठवत होतं. डोळे असलेल्या सगळ्यांना फसवणारं अक्षर होतं ते. आई, पोस्टमन, शाळेतल्या बाई.

शिरीन म्हणाली, "ताई, हे आपल्याच टेबलावर झालं. बाहेर सोडलं तर किती घरांत होईल. नको ते कळेल लोकांना. सोडायचं का?"

"मी हर्णैला जाऊन येते," मी म्हटलं. "तोवर अहवाल मागू नकोस."

यंत्र पिशवीत घालून मी शनिवारी निघाले. विजेवरच्या एसटीला आवाज नसतो, त्यामुळे मला स्वतःचेच विचार ऐकत बसावं लागलं. काय बोलायचं ते मी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा बदललं. दापोली सोडल्यावर खिडकीतून सुक्या मासळीचा वास आला.

दार काकांच्या सुनेनं, दर्शनानं उघडलं. तिनं मला फोटोतच पाहिलेलं. "मामंजी ओटीवर असतात दिवसभर," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. बोलतात, पण थांबत थांबत. मी चहा टाकते."

ओटीवर ऊन होतं. कुणीतरी मोठ्यानं श्वास घेत होतं.

"कोण?"

"हेमा."

श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला. "बस," काका म्हणाले.

मी बसले. ठरवलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "काका, पंधराव्या पत्रापासून पुढची सगळी तुम्ही लिहिलीत."

कुठली पत्रं, असं त्यांनी विचारलं नाही. "कुणी सांगितलं?"

"तुमच्याच हातानं."

मी यंत्राचं सांगितलं. कितपत समजलं कोण जाणे. दर्शनानं चहा आणून ठेवला, ती आत गेली.

"तू मिरजेला," काका म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा तसं बोलत होते. "वहिनी तुझ्या उशाशी. निरोप मला एकट्याला आला. जहाजावरून पडला. दोन दिवस शोधला त्यांनी. नाही सापडला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायलाच आलो. दवाखान्याच्या दारात वहिनी दिसली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, भावोजी, पोरीला दिसत नाही." त्यांच्या कपाचा बशीवर आवाज झाला. "मग मी काय सांगू?"

समोरच्या माडांत कावळे भांडत होते. मी कप हातात धरून बसले.

"चार दिवसांपुरतं लिहिलं. वाटलं, तू उठून बसलीस की सांगू. तू बसलीस. पत्र ऐकून बसलीस. मग दुसरं लिहावं लागलं. मग तिसरं."

"आणि ते बाहेरच्या देशांतले शिक्के?"

"बंदरावरची पोरं होती जहाजांवर. जाताना घेऊन जायची. तिकडच्या पेटीत टाकायची. कोलंबो, सिंगापूर, कुठं कुठं."

"म्हणजे सगळ्या बंदराला माहीत होतं?"

"सहा जणांना. मेले सगळे. बोललं नाही कुणी."

माझा आवाज चढला. "पण आईला फसवलंस तू! चार वर्षं ती कुंकू लावून वाट बघत बसली!" बावीस वर्षांनी माझ्या तोंडून 'तू' आलं होतं, हे मला नंतर कळलं.

"हो," काका म्हणाले. मग, "तिला कधी कळलं, मला नाही ठाऊक. एकदा चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, भावोजी, पुढच्या पत्रात पोरीला पोहायला शिकायला सांगा."

"मग?"

"लिहिलं."

तेविसावं पत्र. 'हेमा, कोल्हापुरात मोठा तलाव आहे म्हणतात. पोहायला शीक. पाण्याला डोळे लागत नाहीत.' आईनंच मला ते वाचून दाखवलं होतं. सुट्टीत, ह्याच ओटीवर. तिचा आवाज कुठंही अडखळला नव्हता. मी त्याच वर्षी पोहायला शिकले.

मी तीन माणसांना आयुष्यभर ओळखत होते आणि तिघांनाही ओळखत नव्हते. राग आला होता, तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. ज्या वाक्यांवर मी उभी राहिले ती वाक्यं लिहिणारा माणूस माझ्यापासून दोन हातांवर बसून थंड चहा पीत होता, आणि त्याला मी बावीस वर्षं साधं एक पत्र लिहिलं नव्हतं.

"आई गेली तेव्हा तरी सांगायचंस," मी म्हटलं. "मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा तरी."

"सांगून काय? तुझा बाप दुसऱ्यांदा गेला असता."

मी पुढं सरकून त्यांचा उजवा हात शोधला. मांडीवर पडला होता, उलथा, निर्जीव. बोटं आत वळलेली. मी तो दोन्ही हातांत धरला.

मग मी पिशवीतून यंत्र काढलं आणि पाटावर ठेवलं. "काका, हे असल्याच हातांसाठी बनवलेलं आहे. पेन तुझ्या बोटांत बांधते. तू काही करू नकोस, ते आपोआप लिहील. तुझाच हात आहे त्यात, तेव्हाचा. पंधरावं पत्र लावू?"

"माझा नको," काका म्हणाले.

मी यंत्रावरचा हात काढून घेतला.

"रघूचा आहे?"

"आहे."

मी त्यांची बोटं एकेक करून सरळ केली, पेन त्यांत बसवलं, पट्टा बांधला आणि पहिलं पत्र लावलं. दांडा हलला. पेन कागदावर टेकल्याचा आवाज झाला, आणि भरभर, दाबून, शब्द सुरू झाले. पहिला शब्द संपून वरून फटकारा बसला तेव्हा काकांच्या घशातून बारीकसा आवाज आला. आधी मला वाटलं, त्यांना दुखतंय. मी थांबवायला हात पुढं केला.

"राहू दे," ते म्हणाले. "रघूच. असाच... दम नाही कशाला."

पेन चालत होतं. बाहेर बंदरावर लिलावाची हाकाटी सुरू झाली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. तो खांदा हलत होता, सुरुवातीला थोडा, मग पुष्कळ, पण त्यांनी पेन सोडलं नाही. ज्या भावाला त्यांनी चार वर्षं एकट्यानं जिवंत ठेवलं, त्याच्यासाठी त्यांना रडायला पंचेचाळीस वर्षांत कुणी वेळ दिला नव्हता.

पत्र संपलं. पेन उचललं गेलं आणि थांबलं. काकांनी डाव्या हातानं तोंड पुसलं.

"अजून आहेत?"

"तेरा आहेत."

"लाव," ते म्हणाले.